पंगतीच्या मापाचे वाफे

५ नोव्हेंबर
काल तुळशीचं लग्न लावलं. यंदा आपल्या लॉनवर झालेलं हे एकच लग्न, आणि त्यातही नवरी कुंडीतली. हे सकाळपासून फोन खिशात घेऊन फिरून राहिले. तुळशीचं लग्न झालं की बुकिंगवाले येतात म्हणे. यायचे एकेकाळी. आता सगळे बायपासवरच्या एसी हॉलकडे पळतात.
आमच्या गेटवर सिमेंटचे दोन मोर, मधे पोरीच्या नावाचा बोर्ड. त्यातलं एक अक्षर पावसाळ्यात पडलं ते अजून ओसरीतच पडून आहे. गवत मात्र पाहून घ्यावं. रोज पाणी, दर आठवड्याला मशीन. कापलेलं गवत शेजारणीची म्हैस खाते, एवढाच काय तो उपयोग.
संध्याकाळी सहज म्हटलं, लॉन मला द्या, उन्हाळ्याची भेंडी-बरबटी लावते. हे पाइप उचलून पाणी मारायला निघून गेले.

७ नोव्हें.
उत्तर आज मिळालं, जेवताना. "मयुरीच्या लग्नाचा मांडव मंग कुठं टाकू? भेंडीवर?"
  मयुरी दहावीत होती तेव्हा ह्यांनी मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, ही धानाची बांधी मागून घेतली, बांध मोडले, धानाच्या जागी लॉन केलं. बोर्डावर तिचं नाव टाकलं. तेव्हापासून एकच घोकणी, ह्या लॉनवरचं सगळ्यात मोठं लग्न तिचं. लोकांच्या पोरी उजवता उजवता आमची एकतिशीची झाली. नागपुरात लॅबमध्ये आहे, सुखात आहे. मागच्या उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा तिने चहा दिला आणि त्यांच्या तोंडावरच सांगितलं, मला सध्या करायचं नाही. त्या दिवसापासून हे गवताला जास्तच पाणी देऊन राहिले.
मलाही वाटतं तिचं व्हावं. काऊन नाही वाटणार? पण वाट पाहायची तरी हाताला काही काम नको का. नुसतं हिरवं हिरवं बघत बसायचा मला कंटाळा आला, खरं सांगते.

८ नोव्हें.
मामाजींनी माझी बाजू घेतली! ऐंशी पार झालेत, दिवसभर ओसरीत बसून असतात, लॉनचा विषय निघाला की तोंड फिरवतात. आज म्हणाले, "बांधी होती ते. कोणी काही पेरत असंल तं पेरू दे नं."
बापापुढे ह्यांचं चालेना. मागचं अर्धं दिलं, भांडी घासायच्या जागेपासून भिंतीपर्यंत. पण स्वतः चुना आणून आडवी रेघ मारली, मांडवाची मारायचे तशीच. रेघेच्या पुढे मयुरीचा मांडव, तिकडे कुदळ न्यायची नाही. दुसरी अट, ह्यासाठी विकत काही आणायचं नाही. बियाण्यापुरती सूट मागून घेतली.

१३ नोव्हें.
कुदळ मारली, कुदळच उडाली. मनगट दुखून राहिलं. इतकी वर्षं वऱ्हाडी नाचले ह्या मातीवर, जनरेटरच्या गाड्या उभ्या राहिल्या, खुर्च्यांचे पाय रुतले. कडेला थोडं उकरलं तर मांडवाचे खिळे, प्लास्टिकचे चमचे, आइस्क्रीमच्या काड्या, आणि एक कवळी. वरची. कोणाच्या लग्नात जेवायला आला असेल बिचारा आणि घरी जाऊन काय सांगितलं असेल. मी आणि हे दोघंही पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१७ नोव्हें.
दवनीवाड्याचा भाचा ट्रॅक्टर घेऊन आला, त्याच्या शेतातलं काम आटोपलं होतं. गेटमधून ट्रॅक्टर जाईना. मोर आडवे आले. मोर पाडू का, मी विचारलं. ह्यांनी असं पाहिलं माझ्याकडे की भाच्याने मुकाट्याने ट्रॅक्टर वळवला.
मामाजी ओसरीतून: "कायले पायजे टॅक्टर? पाणी सोडा, रातभर मुरू द्या, सकाळी चिखल करू."
आम्हाला पटलं. आमच्याकडे जमीन तयार करा म्हटलं की आणखी काय करतात? पाणी भरायचं आणि तुडवायची. माझ्या माहेरी आमगावकडे तेच, इथे तेच.

१८ नोव्हें.
बोअर रात्रभर सोडलं, आधी एका तुकड्यापुरतंच. सकाळी हे पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून उतरले, मी साडी खोचून. मामाजी कडेला लग्नातल्या लाल खुर्चीवर, हातात काठी, इकडे तुडवा, तिकडे राहिलं. शेवटी त्यांना राहवेना, चप्पल काढून स्वतःच उतरले. दोघांनी दोन दंड धरले तरी ऐकेनात. गवत खाली गेलं, चिखल वर आला, लोण्यासारखा. मामाजींचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी.

२९ नोव्हें.
वाळलं. लोणी कसलं, फरशी झाली. वर भेगा, खाली दगड. विळा मारला तर टण्ण वाजतो. पाणी ओतलं तर वरच्या वर उभं राहतं.
आता कळतं, धानाच्या बांधीला तेच पाहिजे असतं. खालची माती बंद झाली पाहिजे, पाणी टिकलं पाहिजे. भेंडीच्या मुळाला हवा लागते. धान पिकवणारी तीन माणसं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही!
हे म्हणाले, लॉनच बरं होतं. मला इतका राग आला की मी त्यांना कवळी दाखवली, हेच पिकलं तुमच्या लॉनवर.
मामाजींनी काठी टेकत येऊन पाहिलं, पायाने दाबून पाहिलं, परत गेले.

१ डिसें.
मामाजी खोलीतून बाहेर आले नाहीत. आज दुसरा दिवस. जेवण आतच. मी म्हटलं, तुमचा एकट्याचा दोष आहे का, मीही तुडवलंच नं. म्हणाले, "आता मले काही इचारत नको जाऊ माय. मले फक्त धानाचंच समजते."


४ डिसें.
मयुरीचा फोन. सगळं सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, आई खोदूच नको. गवतावर खर्ड्याचे, पुठ्ठ्याचे खोके उघडून अंथर, ओले कर, वर शेणखत, पालापाचोळा, धानाची तणीस. खालचं गवत उजेडावाचून मरतं, सडतं, दोन महिन्यांत माती भुसभुशीत. तिच्या लॅबमधल्या कोणीतरी गच्चीवर केलं आहे म्हणे असंच. कोणीतरी कोण, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर फोन ठेवला असता तिने.
चिखल केलेला तुकडा तसाच सोडून देऊ. त्याच्या बाजूला अजून गवत आहे तेवढं पुरे.
खर्डे काय, बाजारात फ्रिजच्या दुकानाबाहेर ढीग पडलेला असतो.

५ डिसें.
हे म्हणतात, खर्ड्याला उधई लागेल. लागू दे म्हटलं, तिचंही पोट आहे. पण संध्याकाळी मोटारसायकलवर मागे खोके बांधून आले ते हेच. "दुकानवाला बोला, ले जाओ, जगह खाली होगी." एवढंच बोलले, तोंड वाकडं करून.

९ डिसें.
शेजारणीकडून शेणखत. इतकी वर्षं तिच्या म्हशीने आमचं लॉन खाल्लं, आता परत घेऊन राहिलो. ती स्वतःच म्हणाली असं, आणि चार टोपल्या जास्त टाकल्या. राइस मिलमधून भुशाची काळी राख, तीही फुकट, त्यांनाच टाकायला जागा नाही. राख थोडीच घालायची, मूठ मूठ.

१२ डिसें.
आज लिहायला पाहिजे.
खर्डे अंथरायला घेतले तर माझे वाफे वाकडेतिकडे. हे चुन्याच्या रेघेपलीकडून पाहत होते. राहवलं नाही. आतून सुतळीचा गुंडा आणला, खुंट्या आणल्या, आणि बोलता बोलता रांगा आखल्या. पंगतीच्या. बुफे नव्हता तेव्हा ह्याच लॉनवर पंगती बसायच्या, त्याचं माप ह्यांच्या हातात आहे. पाठीला पाठ लावून दोन ओळी बसतील एवढी पट्टी, मग वाढप्याची वाट, मग पुन्हा पट्टी. वाढप्या वाटेत उभा राहून दोन्हीकडे वाढतो. मी वाटेत बसले, हात घातला. दोन्हीकडे वाफ्याच्या मध्यापर्यंत पोचतो, पाय मातीवर पडत नाही. ह्याहून चांगलं माप कोण देणार होतं मला.
तसं बोलले ह्यांना. लाजले. मग म्हणाले, "शेवटची पंगत देशपांड्यांच्या पोरीची होती. मठ्ठा कमी पडला होता." आणि सुतळी गुंडाळत बसले उगाच.

२३ डिसें.
थंडी. भाच्याने तणशीची गाडी पाठवली, वाफ्यांवर जाड थर दिला. पाणी शिंपडलं की त्यातून वाफ निघते सकाळी. स्टोअरमध्ये चहाचे कागदी ग्लास पडले होते, वऱ्हाडांतून उरलेले. उकरताना निघालेल्या खिळ्याने बुडाला भोक पाडून त्यात वांगी-टमाटरचं बी टाकलं. ग्लासावर "शुभविवाह" छापलेलं.
मामाजी ओसरीत येतात आता, पण खुर्ची भिंतीकडे तोंड करून.

१४ जाने.
संक्रांत. खर्डा एका जागी उचलून पाहिला. खाली गवत पिवळं, लिबलिबीत, आणि गांडुळं! बोट खुपसलं, गेलं. मी ओरडले तर हे धावत आले, साप निघाला समजून.
मयुरीला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला, मागे कोणी माणूस हसल्याचा आवाज. मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांना आशा फार लवकर लागते आणि मग मलाच सांभाळावं लागतं.

८ फे.
थंडी ओसरली. तणीस बाजूला सारून बिया टोचल्या. भेंडी, बरबटी, ढेमसे. ग्लासातली रोपं मोठी झाली, लावली. सांबाराचे धणे कडेने टाकले.
आणि गंमत. तणशीतून जागोजागी हिरवे कोंब आलेत. मला वाटलं गवत परत आलं, उपटायला बसले. मागून काठीचा आवाज. मामाजी. किती दिवसांनी वाफ्यापर्यंत आले ते.
"हात नको लावू. धान हाये ते."
तणशीत राहिलेले दाणे उगवले होते. मी म्हटलं, मामाजी, भेंडीच्या वाफ्यात धान कसं ठेवू? ते खाली वाकले, एक कोंब दोन बोटांत धरून पाहिला, सोडला. म्हणाले, धान उपटून फेकलं नाही आपल्या घरात कोणी. बस.
तर आता भेंडीच्या वाफ्यात धान आहे. मला निंदायची बंदी आहे. कपाळ माझं.

१५ फे.
मामाजी रोज सकाळी वाफ्यांवर. धानाला पाणी, भेंडीला नाही. मी मागून भेंडीला घालते. आमचं बरं चाललं आहे.

२३ फे.
सकाळी मामाजींनी ह्यांना हाक मारली, फावडं आण म्हणाले. चिखल करून बिघडलेला तो तुकडा, चार पलंगांएवढा असेल, त्याच्याभोवती बांध घालायला लावला. पाणी भरलं. पाणी टिकलं! फरशी झालेल्या मातीतून थेंब खाली जाईना. मामाजी माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, परवा रोवणा, वाफ्यातलं धान इथे लावू.

२५ फे.
रोवणा चालू होता. मामाजी चिखलात, धोतर वर, वाफ्यांतून हलक्या हाताने काढलेली रोपं डाव्या हातात. हे रोपं पुरवत होते, मी बांधावर.
दुपारी गेटवर पांढरी गाडी थांबली. दोन माणसं आणि एक बाई. एप्रिलच्या लग्नासाठी जागा पाहायला. बायपासचे हॉल त्या तारखेला भरलेले. चांगलं मोठं लग्न होतं. पुढचं अर्धं आवडलं, पण पुरत नव्हतं. मोठा माणूस म्हणाला, पीछे का ये सब्जी-वब्जी हटवा दो, साफ करके दो, हम तैयार हैं।
मी ह्यांच्याकडे पाहिलं. ज्याच्या फोनसाठी नोव्हेंबरपासून खिसा चाचपत होते, तो माणूस दारात उभा होता. त्या एका लग्नाने बोर्डाचं अक्षर लागलं असतं, लॉन चालू आहे हे गावाला दिसलं असतं. मला माहीत होतं ते हो म्हणणार. मनातल्या मनात मी वांगी कुठे हलवायची ते ठरवायलाही लागले होते, आणि रडू येत होतं.
ह्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी मान वर केली नव्हती, रोप टोचत होते.
"लॉन बंद हाये," हे म्हणाले. "बाबा रोवणा करून राह्यले."
ती माणसं काही समजली नाहीत. गाडी गेली. ह्यांनी पुढची जुडी मामाजींच्या हातात दिली.

२६ फे.
सकाळी उठून पाहते तर चुन्याची रेघ नाही. झाडून टाकली. हे पुढच्या अर्ध्यात खर्डे अंथरत होते, एकटेच, सुतळीच्या मापात. मी म्हटलं, आणि मयुरीचा मांडव? खर्ड्यावरची चिकटपट्टी काढत म्हणाले, "तिले नाही करायचं तं नाही. तिच्यावर बोजा कायले ठेवायचा."
मी मदतीला बसले.  गवत झाकलं जाताना मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं. ह्यांना किती वाटलं असेल.

१९ मार्च
गुढी. मयुरी पहाटेच्या गाडीने आली. सकाळी गेटमधून आत आली ती थबकलीच. मागे भेंडी पोटरीएवढी, बरबटी सुतळीवर चढलेली, बांधीत धान हिरवंगार, पुढे सगळीकडे तणीस. आजोबांनी हात धरून बांधी दाखवली. मग तिने पप्पांना विचारलं, लॉन कुठे गेलं?
हे म्हणाले, "हेच तं हाये."
तिचे डोळे भरले. का ते तेव्हा कळलं नाही.

२० मार्च
कळलं. स्वयंपाकघरात कढीला फोडणी देताना सांगितलं तिने. गच्चीवर भाजी करणारा तोच. चांगला आहे. पण तिचं अजून ठरत नाही, तिला वेळ पाहिजे, पावसाळा झाला की सांगते म्हणाली. मग म्हणाली, "केलं तर इथेच करीन आई. डीजे नाही, बुफे नाही. पंगत." पण पप्पांनी लॉन मोडलं आता, असंही म्हणाली, आणि कढी ढवळत राहिली.
मी ह्यांना सांगितलं. ह्या वेळी सांगितलं. आशा लागली तर लागू दे, मीच किती दिवस एकटी सांभाळू.
हे उठून बाहेर गेले.
खिडकीतून पाहिलं. मयुरी मागोमाग गेली होती. हे पुढच्या वाफ्यावर, तणशीवर, मांडी घालून बसले होते, आणि तिला समजावत होते. भाजी निघाली की तणीस राहते. तणशीवर बसायची पट्टी, पट्टीवर माणसं. वाढप्याच्या वाटा तर आहेतच. मग त्यांनी तिला समोरच्या वाफ्यावर बसवलं आणि स्वतः वाटेतून चालत, वाकून, हवेतलाच भात वाढला तिला. ती दोन्ही हातांनी नको नको करत होती, हसत होती. मामाजी खुर्चीवरून म्हणाले, "तिले मठ्ठा वाढ."

१२ एप्रिल
ऊन कडक. सकाळीच तोडावं लागतं. भेंडी टोपलीभर, बरबटी, चार वांगी. शेजारणीला वाटा दिला. धान चांगलं फुटलं आहे, अजून निसवलं नाही, लोंब्या यायच्या आहेत. मामाजी चिमण्यांवर आतापासूनच चिडून आहेत.
मयुरीचा फोन परवा आला होता. त्या विषयावर काही नाही. मीही विचारलं नाही.
ह्यांनी बोर्डाचं पडलेलं अक्षर आज लावलं. शिडी मी धरली होती. खालूनच विचारलं, पावसाळ्यानंतर ती नाही म्हणाली तर?
 तोंडातला खिळा काढून म्हणाले,
"तरी भेंडी तं तोडाच लागंल नं."
मग बोर्डाचं दुसरं टोक ठोकायला शिडी दुसऱ्या मोराकडे सरकवली. अक्षर थोडं तिरकं बसलं आहे.